छत्राखालची अबोली

फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजे स्वतः बागेत फिरायचे आणि माळणींना त्यांच्याशी चार शब्द बोलता यायचे. आज ते राज्य नाही, तो राजाही नाही. अबोली मात्र आहे, म्हणून गोष्ट सांगायची.

तर तो राजा माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याच्या घराण्यात एक चांगली रीत होती आणि तो ती कसोशीने पाळायचा. ज्याला राजवाड्यातून काढून टाकायचं, त्याला राजाने आधी स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं. त्याला ते निरोपाचं पाणी म्हणत. तहानलेल्याला घालवून दिलं तर गादीला दोष लागतो, असा समज होता. राजात दोष एकच. त्याला स्तुती पचत नसे. तशी ती तुम्हा-आम्हालाही पचत नाही, पण आपल्याला अजीर्ण झालं तर आपलंच पोट बिघडतं. राजाला झालं की सगळ्या राज्याला निस्तरावं लागतं.

राजवाड्यामागे मोठी बाग होती. बागेच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक जुनी जांभूळ होती आणि त्या जांभळीखालची जागा भिवरा माळणीकडे होती. भिवराचं वय पन्नाशीच्या पुढचं. हात राकट आणि बोलणं हातांपेक्षा राकट. नवरा गेला तेव्हा त्याची खुरपी तिने उचलली, तेव्हापासून तो कोपरा ती सांभाळत होती. बाकीच्या माळ्यांना तो नकोच होता. तिथे गुलाब रुसायचा, शेवंती उगवायची नाही.

भिवराने तिथे अबोली लावली. तिचं माहेर डोंगरातल्या वाडीवर. तिथल्या दाट रानात, मोठ्या झाडांच्या पायाशी ही झुडपं आपसूक वाढायची. पुढे राजवाड्याच्या छपराला वासे हवे झाले आणि ते रान तोडलं गेलं. सावली गेली, तशी अबोलीही गेली. भिवराने त्याआधी पदराच्या गाठीत बांधून आणलेलं मूठभर बी तेवढं वाचलं. सबंध राज्यात आता अबोली होती ती त्या एका जांभळीखाली.

तिला कसं जपायचं, ते भिवराला ठाऊक होतं. अबोलीला सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं चालत नाही. रोज पाणी लागतं, पण पायाशी साचलेलं खपत नाही. भिवरा जांभळीचाच पाला कुजवून झुडपांच्या बुडाशी घालायची. तीन वर्षांत तो अख्खा कोपरा गुडघ्याइतक्या झुडपांनी भरला आणि बाराही महिने नारिंगी फुलांनी फुललेला दिसू लागला. फुलांना वास नाही म्हणून बागेचा मुकादम नाक मुरडायचा. पण शहरातल्या बायका दर शुक्रवारी गजऱ्यासाठी तिथेच यायच्या, कारण अबोलीचा गजरा दुसऱ्या दिवशीही कोमेजत नाही.

बायकांबरोबर त्यांच्या मुली येत. त्यांना फुलांपेक्षा वाळलेल्या बोंडांची गोडी. अबोलीचं वाळकं बोंड जिभेला लावून जरा ओलं करायचं आणि तळहातावर ठेवून वाट पाहायची. थोड्या वेळाने ते तडकन फुटतं आणि आतलं बी हातभर लांब उडून जातं. भिवरा मुलींना रागवायची, बी वाया घालवू नका म्हणायची, आणि त्या गेल्या की स्वतःच एखादं बोंड जिभेला लावून बघायची. तेवढा खेळ तिलाही हवा असे.

असं सगळं ठीक चाललेलं असताना एका सणाला दरबारात भाट उभा राहिला. त्याने गायलं, की महाराज म्हणजे साक्षात सूर्य, महाराजांच्या राज्यात काळोखाला पाय ठेवायला जागा नाही. ओळ चांगली होती. खरं तर भाटाला यमक जुळवायचं होतं, त्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. राजाच्या मनात मात्र ती ओळ घर करून बसली. दुसऱ्या दिवशी तो बागेत फिरायला आला, जांभळीपाशी थांबला आणि म्हणाला, की माझ्या राज्यात ही काळोखी जागा कशी काय राहिली? बरोबर प्रधान होता, मुकादम होता, दहा मानकरी होते. त्यातला एक जरी हसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

त्याच दिवशी हुकूम निघाला, की राजाच्या बागेत सावली नको. वेलींचे मांडव उतरले. आंब्यांच्या फांद्या छाटल्या. जांभूळ तोडायला माणसं आली तेव्हा भिवरा बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. मुकादमाने चार जणांकडून तिला उचलून बाजूला ठेवलं. ती परत जाऊन उभी राहिली. परत उचललं. असं सात वेळा झालं, मग दोघांनी तिचे हात धरून ठेवले. जांभूळ पडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो कोपरा लख्ख उन्हात होता आणि भिवराला तो ओळखू येईना.

दिवस चैत्राचे. पहिल्याच दुपारी अबोलीने माना टाकल्या. मुकादम सारा जन्म एकाच हिशेबाने बाग बघत आला होता. पान मलूल झालं म्हणजे झाड तहानलेलं, मग घाला पाणी. त्याने घागरी ओतायला लावल्या. संध्याकाळी पानं जरा वर आली, तसा तो खूश झाला. दुसऱ्या दुपारी परत माना पडल्या, त्याने दुप्पट घागरी ओतल्या. आठवड्याभरात बुडाशी चिखल झाला, मुळं कुजायला लागली, वरून पानांच्या कडा जळत होत्याच. वरून आग आणि खालून दलदल. झुडपं एकेक करून पिवळी पडू लागली.

"मुकादम, ही तहानलेली न्हाईत," भिवरा म्हणाली. "ही भाजत्यात. ज्याचं अंग भाजतंय त्याला आधी सावलीला न्यायचं असतंय, त्याच्या नरड्यात घागर वतायची नसती."

मुकादमाने तिला सांगितलं, की सावलीला बंदी आहे, पाण्याला नाही. तेव्हा जे देता येतं ते आपण देतो आहोत. अर्धी झुडपं गेली. ती उपटून फेकताना भिवराला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. बी घेऊन कुठे जावं म्हटलं, तर बागेतलं बी बाहेर न्यायला मनाई होती. दारावरचे पहारेकरी येता-जाता प्रत्येकीचा पदर झटकून बघत. आणि नेऊन तरी लावणार कुठे? डोंगरावर सावली राहिली नव्हती. अबोली जगली तर इथे जगणार होती, नाहीतर संपणार होती.

मग भिवराने एक गोष्ट केली. तिने घरातल्या बांबूच्या पाट्या, डालगी, फुटकी सुपं आणली. शेजारणींकडून मागून आणली. शुक्रवारी बायका आल्या त्यांनाही तिने सांगितलं आणि त्यांनीही आपापली आणून दिली. दुपार झाली की भिवरा प्रत्येक झुडपाभोवती चार काटक्या रोवायची आणि त्यांवर एक पाटी पालथी घालायची. संध्याकाळी पाट्या काढायची. मुकादमाने ओरडून पाहिलं, पाट्या लाथाडून पाहिल्या. तो गेला की भिवरा त्या परत मांडायची. पायाशी साचलेलं पाणीही तिने चर खणून काढून दिलं. झुडपांना कोवळी पालवी दिसू लागली.

एके दिवशी भर दुपारी राजाच बागेत आला. सूर्य उन्हाला भीत नाही, हे लोकांना दाखवावं, असं त्याला वाटलं असावं. उत्तरेच्या कोपऱ्यात पालथ्या पाट्यांच्या रांगा पाहून तो थांबला.

"हे काय आहे?"

"सावली हाय, म्हाराज," भिवरा म्हणाली.

"या बागेत सावलीला बंदी आहे."

"म्हाईत हाय."

असं उत्तर राजाने आजवर ऐकलं नव्हतं. तेवढ्यात भिवराने नजर वर केली. राजाच्या डोक्यावर मोठं पांढरं छत्र होतं, कडेला सोनेरी झालर. छत्राचा दांडा धरून एक म्हातारा छत्रधारी उभा होता. राजा सावलीत होता आणि छत्रधारी उन्हात. त्याच्या कानशिलांवरून घाम गळत होता.

"मग तुमच्या डोक्यावर काय हाय?" तिने विचारलं.

प्रधान घाईघाईने पुढे झाला. त्याने तिला समजावलं, की ते छत्र आहे, तो राजपदाचा मान आहे, त्याला सावली म्हणत नाहीत.

"मान आसंल," भिवरा म्हणाली. "पन त्याच्याखाली ऊन पडत न्हाई, यवढं मला दिसतंय. म्हाराज, तुमी छत्र मिटा, मी पाट्या काढते. तुमाला जितका येळ ऊन सोसंल, तितका येळ माजी झाडं बी सोसतील."

आता माघार घेणं राजाच्या स्वभावात नव्हतं. त्याने छत्र मिटायला सांगितलं. भिवराने एका झुडपावरची पाटी काढली. दोघंही उभी राहिली, एकीकडे राजा, एकीकडे हातभर उंचीची अबोली. राजाचा चेहरा आधी लाल झाला. मग त्याने पागोटं सारखं केलं. मग जागा बदलली, पण बागेत कुठेच सावली नव्हती, ती त्यानेच काढायला लावली होती. अबोलीचं पहिलं पान लवण्याआधीच राजाने बोटाने खूण केली आणि छत्र उघडलं गेलं.

चारचौघांत हरलेला माणूस न्याय करायला बसला, की काय व्हायचं तेच झालं. राजाने सांगितलं, की उद्या सकाळी ही झुडपं मुळासकट उपटायची आणि माळणीबरोबर राजवाड्याच्या हद्दीबाहेर टाकायची. पुन्हा या बागेत ना ती दिसली पाहिजे, ना अबोली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या दगडी ओट्यासमोर सगळे जमले. राजा रोज त्या ओट्यावर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा. ओट्याच्या बाजूला दगडात एक खळगा होता, त्यात छत्राचा दांडा रोवलेला असे. ऊन फिरेल तसं छत्र कलतं करणं हे छत्रधाऱ्याचं काम. ओट्याच्या पायाशी उपटलेल्या अबोलीचा ढीग पडला होता. बहुतेक झुडपांवर फुलं उरली नव्हती, उन्हाने वाळून खडंग झालेली बोंडं तेवढी होती.

राजाने रीतीप्रमाणे तांब्या उचलला आणि भिवराच्या ओंजळीत पाणी घातलं. भिवरा शांतपणे प्यायली. तोंड पुसलं.

"माजं झालं, म्हाराज. आता ह्यांचं," ती ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली.

मुकादम म्हणाला, की झाडाझुडपांना कसलं आलंय निरोपाचं पाणी.

"हुकूम दोघांना हाय, मला आन् ह्यांना. मग रीत बी दोघांची. का आमच्या येळंलाच मोडायची?"

राजा पेचात पडला. हट्टी असला तरी रीतीचा पक्का होता, आणि समोर सगळं शहर उभं होतं. त्याने घागर मागवली. ढिगाभोवती फिरून, एकही झुडूप कोरडं राहू नये अशा बेताने त्याने स्वतःच्या हाताने पाणी शिंपडलं. जे करायचं ते नीटच करायचं, अशी त्याला सवय होती. भिवरा हाताची घडी घालून उभी राहिली. किती वेळ लागतो, ते तिला माहीत होतं.

तडकन एक बोंड फुटलं. मग दुसरं. मग चुलीवर लाह्या फुटाव्यात तसा सगळा ढीग तडतडायला लागला आणि बी चहूकडे उडू लागलं. छत्रावर टपटप आवाज आला. प्रधानाच्या उपरण्यात, मुकादमाच्या मिशीत, राजाच्या पागोट्यात बी जाऊन बसलं. भाट तोंड उघडून बघत होता, त्याला खोकला आला. ओट्याच्या दगडांच्या सांध्यांत, पायऱ्यांच्या फटींत, जिथे जिथे जागा होती तिथे बी गेलं. मागे उभ्या असलेल्या मुली टाळ्या पिटू लागल्या, आणि सगळ्यात आधी हसला तो म्हातारा छत्रधारी.

"हे काय चाललंय?" राजाने विचारलं.

"काई न्हाई, म्हाराज. ती बी निरोप घेत्यात."

एवढं बोलून भिवरा निघाली. दारावर पहारेकऱ्यांनी तिचा पदर झटकला. पदरात काहीच नव्हतं. ती ताठ मानेने डोंगराच्या वाटेला लागली आणि वळणाच्या पलीकडे गेल्यावर एका दगडावर बसून पोटभर रडली. आपलं काम झालं की नाही, हे तिला पावसाळ्याआधी कळणार नव्हतं.

पावसाळ्यात बागभर अबोली उगवली. मुकादमाने दिसेल तेवढी उपटली. जी नजरेतून सुटली ती आश्विनाच्या उन्हात करपून गेली. पण ओट्याभोवतीची रोपं तशी गेली नाहीत. दगडांच्या फटीतलं रोप ओढलं की वरचा शेंडा हातात यायचा आणि मूळ आत राहायचं. आठ दिवसांत नवी पानं. आणि तिथे सावली होती, राजाच्या छत्राची. छत्रधाऱ्याचा हात अलीकडे थरथरतो असं तो सांगायचा. त्यामुळे छत्र कधी कधी जरा जास्तच कलायचं, आणि ते नेमकं फटीतल्या रोपांकडे कलायचं. बाजाराला येणाऱ्या बायका ही बातमी डोंगरावर पोचवत होत्या. भिवरा ती परत परत सांगायला लावायची.

पुढच्या चैत्रात बाग ओसाड झाली. गुलाबाच्या काटक्या राहिल्या, हिरवळ जळाली, शुक्रवारी येणाऱ्या बायका केव्हाच थांबल्या होत्या. अख्ख्या बागेत फूल होतं ते एकाच ठिकाणी. राजाच्या ओट्याभोवती, बरोबर छत्राची सावली पडते तेवढ्याच वर्तुळात, अबोली फुलली होती. गाऱ्हाणी घेऊन येणारे लोक राजाकडे पाहण्याआधी खाली पाहायचे आणि ओठ दाबून हसायचे.

ती घालवायचा एकच उपाय उरला होता. राजाने तोही केला. एका सकाळी त्याने छत्र मिटायला लावलं आणि हट्टाने ओट्यावर बसून राहिला. दुपार कलण्याआधी त्याला उचलून आत न्यावं लागलं. त्या दिवशी अबोलीनेही मान टाकली होती. संध्याकाळी तिने ती वर केली. राजाला उठायला तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत राजा पडल्या पडल्या छपराच्या वाशांकडे बघत होता. ते वासे कुठल्या रानातून आले, हे त्याने प्रधानाला विचारलं. चौथ्या दिवशी त्याने मुकादमाला डोंगरावर पाठवलं, माळणीला मानाने परत आणायला.

भिवराने मुकादमाला भाकरी वाढली, पाणी दिलं आणि येत नाही म्हणून सांगितलं. जांभूळ महाराजांनी पाडायला लावली, तेव्हा नव्या जांभळीचा खड्डा त्यांनीच खणायचा. दुपारच्या उन्हात, छत्र न घेता. मग येते. मुकादमाने हा निरोप भीत भीत राजाला दिला. राजाने पंधरा दिवस तो निरोप बाजूला ठेवला. सोळाव्या दिवशी त्याने कुदळ मागवली.

भिवरा आली तेव्हा तो उत्तरेच्या कोपऱ्यात कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. पागोटं काढून ठेवलेलं, हाताला फोड आलेले.

"फार ऊन आहे गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राजेपण उरलं नव्हतं.

"झाडांना बी यवढंच हुतं, म्हाराज."

तिने त्याला वर यायला सांगितलं नाही. खड्डा पुरता खणून होईपर्यंत ती कडेला उभी राहिली, आणि तो मनासारखा झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने राजाला तांब्याभर पाणी दिलं.

जांभूळ वाढायला वर्षं लागतात. तोवर राजाचं छत्र त्या कोपऱ्यात रोवलं गेलं आणि त्याच्याखाली भिवराने ओट्याजवळची अबोली आणून लावली. राजा गाऱ्हाणी ऐकायला ओसरीत बसू लागला. छत्रधाऱ्याला नवं काम मिळालं, ऊन फिरेल तसं अबोलीवरचं छत्र कलतं करायचं, तेही सावलीत बसून. त्याचा हात पुन्हा कधी थरथरला नाही. आणि त्या राज्यात तेव्हापासून नवी रीत पडली. गादीवर बसणाऱ्याच्या डोक्यावर छत्र धरण्याआधी त्याला एक दुपार उन्हात झाडासाठी खड्डा खणावा लागे. काही राजपुत्र तेवढ्यावरूनच माघारी गेले, असं सांगतात.

बोध: दुसऱ्याची सावली तोडायला निघालेल्याने आधी आपल्या डोक्यावरचं छत्र मिटून पाहावं.